तार तेवढीच, मग शेत तेवढंच का नाही?

प्रश्न : आम्ही मेहरूणला राहतो. नातू पाचवीत आहे. क्षेत्रफळाची गणितं तो चटाचट सोडवतो, वहीत बरोबरच्या खुणाच खुणा. परवा घरात फरशी बदलायचा विषय निघाला. मी त्याला म्हटलं, आपली खोली दहा बाय बारा फूट आहे, दोन फुटी फरश्या किती लागतील सांग. त्याने दहा आणि बारा मिळवले, दुप्पट केली आणि चव्वेचाळीस म्हणून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी मलाच विचारतो, ‘आबा, दोन शेतांच्या कुंपणाला तार सारखीच लागली तर शेतं सारखीच ना?’ मी नाही म्हटलं, पण का नाही ते त्याला पटेल असं सांगता येईना. माझं आयुष्य केळी लावण्यात गेलं, एकर-गुंठे तोंडपाठ आहेत, तरी अडलो. या वयाच्या पोरांना क्षेत्रफळ शिकवायचं कसं? आणि जाता जाता, गुंठा आणि आर एकच का?
– एक आजोबा, मेहरूण, जळगाव

उत्तर : तारेचा प्रश्न आधी घेऊ. फरशीचं चुकलेलं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

तार सारखी म्हणजे शेत सारखं, असं समजणारे फक्त पाचवीत असतात असं नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने हीच तक्रार लिहून ठेवली आहे. मेगॅलोपोलिस शहराचा घेर ५० स्टेडिया आणि स्पार्टाचा ४८, तरी स्पार्टा दुपटीने मोठं, असं सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. राज्य चालवायला आणि फौजा हाकायला निघालेली माणसंही शाळेतली भूमिती विसरलेली असतात, असा त्याचा वैताग आहे. पुढे पाचव्या शतकात प्रोक्लसने युक्लिडवर भाष्य लिहिताना जमिनीच्या वाटणीतली एक लबाडी नोंदवली. दुसऱ्याला घेराने मोठा पण आतून लहान तुकडा द्यायचा, आपण घेराने लहान पण आतून मोठा तुकडा ठेवायचा, आणि वर उदार माणूस म्हणून नाव मिळवायचं. खातेफोडीचे वाद पाहिलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही.

अर्थात यासाठी ग्रीसला जायची गरज नाही. चाळीसगावजवळचं पाटणे तुमच्याच जिल्ह्यातलं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०७च्या सुमाराचा. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (रचना ११५०) क्षेत्रव्यवहार नावाचा भाग आहे आणि त्यात तुमच्या नातवाच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. चौकोनाच्या चारही बाजू सांगितल्या तरी त्याचं क्षेत्रफळ ठरत नाही. कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो त्याला भास्कराचार्यांनी पिशाच्च म्हटलं आहे, आणि जो उत्तर देऊ लागतो त्याला त्याहून मोठं पिशाच्च. एरवी लेकीशी बोलावं तशा गोड भाषेत उदाहरणं घालणारा हा लेखक इथेच एवढा चिडतो. चुकीचं मोजमाप करणाऱ्यांचा त्याला बराच अनुभव आला असावा.

हे नातवाला दाखवायला काही विकत आणू नका. बांबूच्या चार सारख्या पट्ट्या घ्या, टोकांना भोकं पाडून तारेने किंवा खिळ्याने सैल जोडा. चौरस तयार होईल. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून हळूहळू ओढा. चौरस आडवा पडत जाईल, चपटा होईल, आणि शेवटी चारही पट्ट्या एकमेकींना चिकटून आत काहीच उरणार नाही. पट्ट्यांची लांबी केसभरही बदललेली नाही. ‘तार तेवढीच आहे ना? मग शेत कुठे गेलं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

यावर हुशार पोरगं म्हणेल, हे वाकडं झालं म्हणून. काटकोन ठेवला असता तर? मग सुतळी घ्या. चौकटीची फरशी असेल तर फारच बरं, नसेल तर अंगणात खडूने चौकटी आखा. चौकटीच्या २४ बाजूंएवढी लांब सुतळी घेऊन टोकं बांधा. तिच्यात आधी ६ बाय ६चा चौरस बसवा आणि आतल्या चौकटी मोजायला लावा : ३६. तीच सुतळी ८ बाय ४ केली की ३२. १० बाय २ केली की २०. आणि ११ बाय १ची लांबलचक पट्टी केली की फक्त ११. सगळीकडे काटकोन, सगळीकडे तीच सुतळी. छत्तीसचे अकरा झालेले त्याने स्वतः मोजले की पुन्हा सांगावं लागणार नाही.

याची उलट बाजू दाखवायला तुमची केळी आहेत. पाच बाय पाच फुटांवर लावलेली शंभर झाडं घ्या. दहा ओळी, ओळीत दहा, अशी लावली तर जागा ५० बाय ५० फूट आणि कुंपण २०० फूट. तीच शंभर झाडं चार ओळींत पंचवीस-पंचवीस लावली तर जागा २० बाय १२५ फूट आणि कुंपण २९० फूट. घड तेवढेच, पाणी तेवढंच, तार मात्र नव्वद फूट जास्त. जागा सारखी आणि घेर वेगळा, हे सुतळीच्या खेळात दिसत नाही, केळीच्या बागेत दिसतं. दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय मुलाच्या डोक्यात या दोन गोष्टी सुट्या होत नाहीत.

आता फरशी. नातवाने ४४ सांगितले ते काही वेडंवाकडं नाही. दहा बाय बारा खोलीच्या भिंतींचा घेर ४४ फूटच येतो. खालची पट्टी बसवायची असती तर त्याचं उत्तर बरोबर होतं. त्याच्याकडे दोन सूत्रं आहेत आणि कुठलं कधी वापरायचं हे त्याला प्रश्नातल्या शब्दांवरून कळतं. वहीतल्या प्रश्नात ‘क्षेत्रफळ काढा’ असं लिहिलेलं असतं म्हणून तिथे तो गुणतो. तुम्ही तो शब्द उच्चारला नाहीत. तुम्ही फरश्या विचारल्यात. दोन आकडे दिसले, दोनातलं एक सूत्र लागलं.

याचा दोष मी मुलाला देत नाही. बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकात ‘परिमिती व क्षेत्रफळ’ हे एकच प्रकरण आहे आणि बहुतेक वर्गांत दोन्ही सूत्रं एकाच आठवड्यात फळ्यावर येतात. एक बेरजेचं, एक गुणाकाराचं, दोन्हींत लांबी आणि रुंदी. मला ही जोडी मुळातच चुकीची वाटते. परिमिती ही लांबीच आहे, फक्त वळणं घेत गेलेली. तिची जागा फूटपट्टीच्या आणि टेपच्या धड्याशेजारी. क्षेत्रफळाची जागा गुणाकाराशेजारी आणि फरशीशेजारी. दोन्हींची ओळख वेगवेगळी होऊन मुरली, की मग त्यांना समोरासमोर आणून ‘तार तेवढीच, मग शेत तेवढंच का’ हा प्रश्न घालावा.

फरशी बसवणारा मिस्त्री काय करतो ते नातवाला शेजारी बसवून बघायला लावा. तो दोरी लावून आधी एक ओळ पुरी करतो. दहा फुटांच्या बाजूला दोन फुटी फरश्या पाच बसल्या. अशा ओळी किती? बारा फुटांत सहा. पाच सक तीस. यात फूट गुणिले फूट असं काहीच झालं नाही. एका ओळीत किती आणि ओळी किती, एवढेच दोन आकडे गुणले गेले. लांबी गुणिले रुंदी हे सूत्र म्हणजे याचीच आखूड केलेली नोंद. आखूड रूप आधी दिलं की मूल आकडे गुणतं, पण कशाला गुणतंय ते त्याला दिसत नाही.

आणि ही ओळ दिसणं आपल्याला वाटतं तेवढं सोपं नसतं. ऑस्ट्रेलियात लिन आउथ्रेड आणि मायकेल मिचेलमोर यांनी पहिली ते चौथीच्या मुलांना आयत चौकटींनी भरायला देऊन अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. लहान मुलं एकेक चौकट सुटी काढतात. काही चौकटी मोठ्या, काही लहान, मध्ये फटी, एका ओळीत पाच तर खालच्या ओळीत सात. ज्या मुलाला ओळी आणि स्तंभ दिसायला लागतात ते चौकटी काढतच नाही. सरळ उभ्या-आडव्या रेघा मारतं. क्षेत्रफळ कळण्याचा उंबरठा बहुतेक मुलांच्या बाबतीत हाच. तुमचा नातू कुठे उभा आहे हे पाहायचं असेल तर कोरा आयत काढून द्या, शेजारी एकच फरशी काढा आणि म्हणा, अशा फरश्यांनी भरून दाखव. तो पेन्सिल कशी चालवतो ते बघा. उत्तर किती आलं ते नंतर.

खान्देशातल्या शेतकऱ्याच्या पोराला हे खरं तर जड जाऊ नये. कपाशीसाठी रानात उभ्या-आडव्या रेघा पाडून फुलीवर सरकी टोकलेली त्याने पाहिलेली असते. तो अख्खा तक्ताच आहे, फक्त वहीऐवजी काळ्या मातीवर. केळीचंही तेच. पाच बाय पाचच्या बागेत प्रत्येक झाडाच्या वाट्याला २५ चौरस फूट येतात. एकराचे ४३,५६० चौरस फूट. त्याला २५ने भागलं की १,७४२ झाडं. हा आकडा तुम्हाला तोंडपाठ असणार, पण तो कुठून येतो हे नातवाला विचारा. मीटरमध्ये लावायची असतील तर दीड बाय दीडला झाडामागे सव्वादोन चौरस मीटर, म्हणून हेक्टरी ४,४४४. ठिबकची नळी किती लागेल तेही यातूनच निघतं. ओळी पाच फुटांवर असतील तर ४३,५६० भागिले ५, म्हणजे एकराला ८,७१२ फूट नळी. जळगावात ठिबकची नळी न पाहिलेलं मूल सापडणं कठीण. नळी ही ओळच आहे, आणि सगळ्या ओळींची लांबी मिळून शेत भरतं, हे इतकं उघडं उदाहरण पुण्या-मुंबईच्या पुस्तक लिहिणाऱ्याला सुचणार नाही.

बागेत मोजताना एक खाच आहे, ती आधी सांगून ठेवतो. दहा झाडांच्या ओळीत पहिल्या खोडापासून शेवटच्या खोडापर्यंत टेप लावला तर ४५ फूट भरतो, ५० नाही. दहा झाडांमध्ये अंतरं नऊच असतात. प्रत्येक झाड आपल्या चौकटीच्या मध्यावर उभं आहे असं धरून दोन्ही टोकांना अडीच-अडीच फूट सोडले की ५० पुरे होतात. नातू ‘आबा, पाच फूट कमी पडले’ म्हणाला तर रागावू नका. त्याने बरोबर मोजलं आहे.

ओळी मोजण्याआधीची एक पायरी शाळेत हमखास गाळली जाते, ती म्हणजे नुसतं झाकणं. एककं नाहीत, आकडे नाहीत. वही झाका. पाट झाका. कशानेही झाका. हिवाळ्यात तुमच्याकडची मेहरूणची बोरं मिळतात, त्यांनी वहीचं पान झाकायला सांगा. बोरं कितीही खेटून ठेवली तरी मध्ये जागा उरतेच. नाण्यांनी करून पाहा. सरळ रांगांत ठेवली तर पानाचा पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग उघडा राहतो, आणि मधाच्या पोळ्यासारखी खेटून बसवली तरी शेकडा नऊ भाग उरतो. मग मूल स्वतःच म्हणतं, चौकोनी काहीतरी द्या. चौरसाने मोजायचं का, हे त्याला फळ्यावरून सांगावं लागत नाही. त्रिकोणी आणि षट्कोनी तुकड्यांनीही पान पुरतं झाकता येतं, हेही दाखवावं. पण चौरसाला ओळी सरळ मिळतात, मोजणी सोपी होते, म्हणून जगाने चौरस धरला.

दुसरी गाळलेली पायरी कापून जोडण्याची. रद्दीचा कागद घ्या, मधून फाडा, तुकडे वेगळ्या आकारात ठेवा आणि विचारा, जागा वाढली की कमी झाली? जिनेव्हाच्या ज्याँ पियाजे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९४८ साली छापलेल्या पुस्तकात गाईंचा प्रयोग दिला आहे. मुलापुढे सारख्या आकाराची दोन हिरवी कुरणं ठेवायची, प्रत्येकात एक लाकडी गाय. दोन्हींत सारखीच घरं मांडायची, पण एका कुरणात ती एका कडेला खेटून, दुसऱ्यात इकडेतिकडे विखरून. दोन्ही गाईंना गवत सारखंच का? एकेक घर असताना मुलं हो म्हणतात. घरं वाढत गेली की लहान मुलं फसतात, विखुरलेल्या घरांच्या कुरणात गवत कमी आहे असं त्यांना वाटू लागतं. साधारण सात-आठ वर्षांची झाली की ती ठामपणे सांगतात की घरं तेवढीच, म्हणजे गवतही तेवढंच. तुमच्याकडे धाकटी नात असेल तर काड्यापेट्यांची घरं करून हा प्रयोग जरूर करा. गाय नसली तर बैल चालेल.

एनसीईआरटीच्या ‘गणित का जादू’ या जुन्या पुस्तकांनी हा क्रम बऱ्यापैकी पाळला होता. चौथीच्या पुस्तकात शेत आणि कुंपण यांचा स्वतंत्र धडा होता, आणि पाचवीच्या पुस्तकात टपालाची तिकिटं चौकटींवर ठेवून कुठलं किती चौकटी व्यापतं ते मोजायला दिलं होतं. सूत्र नंतर. आपल्याकडे शिक्षकाला वेळेचं कोडं असतं हे मान्य. चाळीस मुलं, एक तास, पुढे चाचणी. पण साहित्याची अडचण सांगितली जाते ती मात्र पटत नाही. व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे, मैदानात मारायला फक्की आहे, रद्दी तर घरोघर आहे.

रद्दीवरून आठवलं. जुन्या वर्तमानपत्रांची पानं चिकटवून एक मीटर बाय एक मीटरचा चौरस करा आणि त्याच्या कोपऱ्यात एक सेंटीमीटरचा चौरस आखा. एका मीटरमध्ये शंभर सेंटीमीटर, म्हणून एका चौरस मीटरमध्ये शंभर चौरस सेंटीमीटर, असं सातवी-आठवीतली मुलंही लिहितात. कागद समोर असला की तशी चूक करायला जीभ रेटत नाही. शंभर ओळी, ओळीत शंभर, दहा हजार. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ दुप्पट होतं, हा या चुकीचाच सख्खा भाऊ. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट चौरस काढायला सांगतो. मुलगा म्हणतो, बाजू चार फूट करा. ते तर चौपट झालं, चारचे सोळा! मग तो तीन फूट म्हणतो, नऊ. दोन्ही चुका त्याच्या तोंडून वदवल्यावरच सॉक्रेटिस त्याला कर्ण दाखवतो. तुमच्या खोलीवर हेच करून पाहा. दोन फुटी फरश्या तीस लागतात. एक फुटी घेतल्या तर किती? साठ म्हणाला तर खडूने एका मोठ्या फरशीवर छोट्या आखून द्या. एकशेवीसपर्यंत तो आपोआप येईल.

आता तुमच्या घराशेजारचं सगळ्यांत चांगलं साधन. मेहरूण तलाव. त्याला ना लांबी आहे ना रुंदी, म्हणून सूत्र तिथे हात टेकतं. काठाने फेरी मारणाऱ्याला घेर कळतो, पाण्याचा पसारा कळत नाही. पुन्हा तोच तारेचा प्रश्न. तलावाचा नकाशा प्रमाणासह छापून घ्या, त्यावर पारदर्शक कागदाने काठ गिरवा आणि तो कागद चौकटींवर ठेवा. अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट एक धरायची, अर्ध्याहून कमी भरलेली सोडून द्यायची. प्रमाण असं बसवा की एका चौकटीची बाजू ५० मीटर येईल. मग एक चौकट म्हणजे २,५०० चौरस मीटर, २५ आर. चार चौकटींचा हेक्टर. नंतर बाजू २५ मीटरची करून पुन्हा मोजा. उत्तर थोडं बदलेल, आणि लहान चौकटींनी आलेलं उत्तर खऱ्याच्या अधिक जवळचं का, यावर आजोबा-नातवाची एक संध्याकाळ जाईल. पावसाळ्यानंतरचा काठ आणि मे महिन्यातला काठ वेगवेगळा गिरवला तर आणखी मजा. मोठेपणी शिकायच्या गणिताचा पाया याच मोजणीत आहे, पण ते त्याला आत्ता सांगू नका.

शेवटी गुंठा. पिकांचा आणि कराचा हिशेब आला की प्रत्येक राजवटीने चौरस आखलेलाच दिसतो. ‘लीलावती’तलं निवर्तन म्हणजे वीस बाय वीस वंशांचं क्षेत्र, वंश दहा हातांचा. शिवकाळातला बिघा वीस काठ्या बाय वीस काठ्या, काठी पाच हात आणि पाच मुठींची. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. साखळी बाय साखळी, म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की ४३,५६० चौरस फुटांचा एकर पुरा होतो. ही मोजणी खान्देशात आली तेव्हा सारा वाढेल या धास्तीने लोक बिथरले. १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध मोठा गदारोळ झाला. क्षेत्रफळ हा विषय परीक्षेपुरता कधीच नव्हता.

आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, १०० चौरस मीटर. गुंठा मीटरमध्ये मोजला तर १०१.१७ चौरस मीटर भरतो. फरक इतका थोडा की बोलताना लोक आरलाच गुंठा म्हणतात, आणि एक-दोन गुंठ्यांच्या गोष्टीत काही बिघडत नाही. एकराला मात्र हा फरक सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फूट होतो. एका लहान घराएवढी जागा. सातबाऱ्यावर एक पुरा एकर शून्य हेक्टर ४०.४७ आर असा येतो. ४० आर लिहिलं असेल तर तो एकर नव्हे. व्यवहार करताना कागदावर आर असतील तर आरच धरून चाला, आणि नातवाला सोबत घेऊन बसा.